एका अबोल काँग्रेसमनचे आभार

ज्यांचे आभार मानायचे माझ्याकडून राहून गेले आहेत, त्या माणसांत एक अमेरिकन खासदारही आहे. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण त्याच्या स्वतःच्या गावात तरी ते आता कुणाला ठाऊक असेल की नाही, शंकाच आहे. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली होती, देशाची राजधानी अजून चिखलात उभी राहत होती, त्या काळात हा गृहस्थ तिथल्या लोकसभेसारख्या सभागृहात निवडून गेला. तिकडे अशा सभासदाला काँग्रेसमन म्हणतात. तो फार बोलला नाही, फार गाजला नाही, एक निवडणूक हरला आणि घरी परतून पाणचक्कीवर दळण दळायला लागला. शारजात राहणाऱ्या एका मराठी बाईवर त्याचे उपकार कसे झाले, हे सांगायचं तर मुलीपासून सुरुवात करावी लागेल.

माझी मुलगी बोलताना अडखळते. लहानपणापासून अडखळते. प, ब, क, ट अशा अक्षरांनी सुरू होणारा शब्द आला की तिचे ओठ मिटतात आणि उघडेनासे होतात. मान किंचित मागे जाते, डोळे आपल्यावरून बाजूला सरकतात, आणि शब्द आतल्या आत दार ठोठावत राहतो. मराठीत हे होतं आणि इंग्लिशमध्येही होतं. तिची सगळी मैत्री, भांडणं आणि शाळा इंग्लिशमध्ये चालत असल्यामुळे तिथे ते जास्त लागतं, इतकंच.

आणि तिची आई कोण, तर मी. माझ्याइतकी घाईची बाई अख्ख्या शारजात शोधून सापडायची नाही. मी एका शिपिंग कंपनीत कागदपत्रांचं काम बघते. खोर फक्कानच्या बंदरात कंटेनर उतरलेला असतो, ट्रकवाला गेटवर उभा असतो, गिऱ्हाईक फोनवर असतं आणि साहेब डोक्यावर. समोरचा माणूस "मॅडम, वो डिलिव्हरी..." एवढं म्हणेपर्यंत मी "ऑर्डर मिल जाएगा, यल्ला, बाय" म्हणून मोकळी झालेली असते. यल्ला म्हणजे इकडचं "चला, आटपा". लोकांची वाक्यं पुरी करण्याचाच मला पगार मिळतो, असं नवरा म्हणतो. तेच मी घरीही करायचे. मुलगी "मम्मा, आय वॉन्ट प..." म्हणाली की मी पाण्यापासून पेन्सिलीपर्यंत सगळं तिच्या पुढ्यात आणून ठेवायचे. शेवटी ती मान डोलवायची. आपण लेकीचे कष्ट वाचवले, असं मला मनापासून वाटायचं.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तिला शब्द पुरवू नका. मी जोरजोरात मान हलवली. आणि त्यांच्या दारातून बाहेर पडताना पोरगी त्यांना "थँक यू, ब..." म्हणत होती, तर "बाय" मीच म्हणून टाकलं. बाई फक्त माझ्याकडे बघून हसल्या.

पण गेल्या वर्षी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी उरली नाही. शाळेत पालकांना बोलावलं होतं. समाजशास्त्र शिकवणाऱ्या तिच्या मिस जॉर्डन देशातल्या. उंच, गोऱ्या, आवाज जड, आणि कुठल्याही मुलाबद्दल बोलताना घाई नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या मुलीच्या वहीत जे असतं आणि ती तोंडाने जे सांगते, त्यात अंतर पडत चाललंय. लिहिते सुंदर. विचारलं तर मात्र एका शब्दात संपवते. हात वर करणं तिने बंद केलंय. मग जरा थांबून म्हणाल्या, मला काळजी तिच्या अडखळण्याची नाही. अडखळणंही बंद होत चाललंय, याची आहे.

तिचं अडखळणं कमी झालंय म्हणून मी घरी देवापुढे साखर ठेवत होते. पोरगी सुधारत नव्हती, ती गप्प होत होती. अकरा-बारा वर्षांची मुलगी एकदा का गप्प राहायला शिकली, की तिला परत बोलती करणं सोपं नसतं, एवढं मलाही कळत होतं.

तिची शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची. आम्ही काही हौसेने घातलं नव्हतं. भारतीय शाळेत तेव्हा जागा नव्हती आणि इथे होती, म्हणून घातलं. त्यामुळे शिवाजी महाराज घरी आणि अमेरिकेचं स्वातंत्र्य शाळेत, अशी आमची वाटणी. त्या वर्षी मिसनी ठरवलं, की वर्गाचं जुनं अमेरिकन सभागृह करायचं. प्रत्येक मुलाने त्या काळच्या एका सभासदाचा जन्म घ्यायचा, त्याचं आयुष्य शोधून काढायचं आणि आईवडिलांसमोर उभं राहून "मी" म्हणून ते सांगायचं. बाकीच्या मुलांनी मोठमोठी, नोटांवर आणि पुतळ्यांवर असतात तसली नावं पकडली. माझ्या मुलीने यादीतलं सगळ्यात खालचं नाव घेतलं. मी विचारलं, हाच का? तर म्हणाली, "ही हार्डली स्पोक, मम्मा." जो सभागृहात जवळजवळ बोललाच नाही, तो तिला आपला वाटला. शिवाय मिसनी तिला सवलत दिली होती, की नकोच वाटलं तर उभं राहू नकोस, फक्त लिहून दे. ती सवलत ती घेणार, हे मी धरूनच चालले होते. खरं सांगायचं तर तिने ती घ्यावी, असंच मला वाटत होतं.

त्याच सुमारास माझे वडील व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, नातसुद्धा. आई गेल्यापासून थंडीचे दिवस ते आमच्याकडे काढतात. अण्णा एके काळी जिल्हा परिषदेचे सभासद होते. एकदाच निवडून आले, पुढच्या वेळेला सपाटून पडले, आणि मग कधी त्या वाटेला गेले नाहीत. घरात त्याचा विषय निघत नसे. पडलेल्या माणसाला लोक किती पटकन विसरतात, ते त्यांनी एकदा बघितलं होतं. तेवढं त्यांना पुरलं.

अण्णांना इंग्लिश जेमतेम येतं आणि नातीला मराठी समजतं पण ती उत्तर इंग्लिशमध्ये देते. तरी दोघांचं जमतं. कारण अण्णांना घाई नाही. ती अडकली की ते तिच्याकडे बघत राहतात, दारात उभ्या पाहुण्याला "सावकाश या" म्हणावं तसे. ते शब्द पुरवत नाहीत, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. इंग्लिश शब्द पुरवणार तरी कुठून, असं मी चेष्टेत म्हणायचे.

तर रोज संध्याकाळी मी ऑफिसातून येईपर्यंत दोघं डायनिंग टेबलावर त्या काँग्रेसमनला घेऊन बसलेले असायचे. ती संगणकावर शोधायची, वाचायची, अण्णांना खुणांनी आणि मोडक्या मराठीत सांगायची. अण्णांना त्या माणसात भलताच रस वाटायला लागला. घरून निघाल्यावर राजधानीला पोचायला त्याला कित्येक दिवस घोड्यावर बसावं लागायचं, हे ऐकून त्यांना त्यांचा तालुक्याचा एसटीप्रवास आठवला. राजधानीत हे सगळे सभासद खानावळीत राहायचे, एका खोलीत दोघं-तिघं, एकाच टेबलावर जेवायचे, आणि ज्यांच्याबरोबर जेवायचे त्यांच्याबरोबरच मत द्यायचे, हे कळल्यावर माझा नवरा खूश झाला. लग्नाआधी तो दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत सहा जणांच्या खोलीत राहिलेला. "बरोबर आहे. ज्याच्या हातची डाळ खाता, त्याच्या विरुद्ध बोलायला तोंड उघडत नाही," असं त्याचं म्हणणं पडलं.

सभागृहात हा गृहस्थ करायचा काय, तर गावाकडच्या लोकांचे अर्ज मांडायचा. लढाईत मेलेल्या शिपायाच्या विधवेला पेन्शन मिळावी. अमुक खेड्यापर्यंत टपालाचा रस्ता व्हावा. उभं राहायचं, अर्ज मांडायचा, खाली बसायचं. हे ऐकून अण्णा म्हणाले, "अगं, मी पण दुसरं काय करत होतो?"

आणि त्या संध्याकाळी, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, ते त्या पाच वर्षांबद्दल बोलले. ओढ्यावर साकव व्हावा म्हणून ते सभागृहात उभे राहिले होते. त्यांची भाषा रानातली. त्यांनी तोंड उघडलं, की पुढच्या बाकांवरची शहाणी मंडळी हसायला लागायची, मध्येच बोलायची, त्यांचं वाक्य तिसराच कुणी पुरं करायचा. एकदा अध्यक्षांनी टेबलावर हात आपटून सांगितलं, की सभासद उभे आहेत. उभ्या सभासदाला सभागृह दिलेलं असतं, ते बसेपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. अण्णा म्हणाले, तेव्हा मला कळलं, की आपण नीट बोलतो का, याच्याशी त्या नियमाचं काही देणंघेणं नाही. आपण उभे आहोत, एवढंच पुरे आहे. साकव झाला. आजही त्यावरून मुलं शाळेला जातात.

"आणि बाकीच्या वेळी?" मी विचारलं.

"बाकीच्या वेळी खुर्च्या उडायच्या," अण्णा म्हणाले आणि स्वतःच हसले.

नातीने लगेच शोधलं. त्या जुन्या सभागृहातही तसाच नियम होता. सभापतींनी ज्याला बोलायला दिलं, त्याच्या मालकीचं ते सभागृह, तो बसेपर्यंत. इंग्लिशमध्ये त्याला काय म्हणतात ते तिने वाचलं आणि दोनदा स्वतःशी म्हटलं. मी तेव्हा कुकर लावत होते. माझं फारसं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने शाळेत जाऊन मिसना सांगितलं, की मी उभी राहणार आहे.

आता सगळी सूत्रं माझ्या हातात घ्यायची वेळ आली, असं मला वाटलं. दुबईच्या ड्रॅगन मार्टमध्ये जाऊन लांब काळा कोट आणला. अण्णांनी किमतीचे मनातल्या मनात रुपये केले आणि तोंड वाकडं केलं. पांढरा विगही मिळत होता, पण तो मुलीने ठाम नाकारला. मग मी तिचं भाषण टाइप करायला घेतलं आणि टाइप करता करता त्यातले अवघड शब्द उपटून काढले. "पिटिशन" होतं, तिथे "रिक्वेस्ट" घातलं. "पोस्ट रोड" काढून "हायवे" केला. दोनशे वर्षांपूर्वी चिखलात हायवे कुठून आला, असं नवऱ्याने विचारलं, तर मी त्याला गप्प केलं. लेकीचे ओठ मिटू नयेत, एवढीच माझी धडपड होती.

भाषणात एक वाक्य आणखी होतं. या काँग्रेसमनबद्दल जे थोडं लिहिलेलं सापडलं, त्यात एका ओळीत असंही होतं, की त्याच्या घरी, त्याच्या चक्कीवर गुलाम होते. ते वाचून मुलगी दोन दिवस टेबलापाशी फिरकलीच नाही. तिला तो आवडायला लागला होता ना. मी म्हटलं, सोडून दे ते वाक्य, तीन मिनिटांचं भाषण, सगळं कशाला सांगायला पाहिजे? ती अण्णांकडे गेली. अण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सभागृहात उभं राहिलं की अर्धं सांगायचं नाही. अर्धंच सांगायचं असेल, तर बसून राहावं."

तेव्हा तिने ते वाक्य लिहिलं. आय ओन्ड पीपल. माझ्या मालकीची माणसं होती. टाइप करताना मी बघितलं, "पीपल"चा प पुन्हा आडवा येणार. मी तिथे "सर्व्हंट्स" घातलं आणि तिला दाखवलं. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि "ओके" म्हणाली. ओके हा तिचा सगळ्यात सोपा शब्द. तो तिला कधीच अडत नाही.

कार्यक्रम दुपारी होता. शाळेच्या हॉलमध्ये बाकं समोरासमोर मांडून सभागृह केलं होतं. मिस सभापती. त्यांच्या हातात लाकडी हातोडी होती, आणि ती त्या अशा काही रुबाबात आपटत होत्या, की पोरं खरंच दचकत होती. प्रत्येक मुलाच्या आईला किंवा बाबांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, हातात भाषणाचा कागद देऊन. मूल विसरलं तर आठवण करून द्यायची. हे काम माझ्यासाठीच जन्माला आलेलं. मागच्या रांगेत अण्णा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते आणि शेजारी नवरा, इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमधून थेट आलेला, शर्टाच्या बाहीला ग्रीस.

पुतळ्यांवरची मंडळी एकेक करून धडाधडा बोलून गेली. टाळ्या झाल्या. मग मिसनी माझ्या मुलीच्या काँग्रेसमनचं नाव पुकारलं आणि ती उभी राहिली. काळ्या कोटाच्या बाह्या तिला लांब होत होत्या. एक हात तिने बाकावर ठेवला आणि सगळे शांत होईपर्यंत तोंड उघडलं नाही.

सुरुवात बरी झाली. जन्म, घोडा, खानावळ. एकदा-दोनदा अडखळली, पण निघाली. मग म्हणाली, की माझ्या गावच्या एका विधवेसाठी मी सभागृहात आणलं, एक, आणि तिचे ओठ मिटले. माझ्या कागदावर "रिक्वेस्ट" होतं. मी हळूच "रिक्वेस्ट" म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं नाही. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मग तिचे ओठ उघडले आणि "पिटिशन" बाहेर आलं, तीन-चार तुकडे होऊन, पण आलं. मला कळेना, हिने कागद सोडला कशाला? पुढे रस्त्याची गोष्ट आली. मी "हायवे" म्हणाले, जरा मोठ्याने. ती पुन्हा अडली, पुन्हा थांबली आणि "पोस्ट रोड"च म्हणाली. माझ्या शेजारच्या बाईंनी सहानुभूतीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने तर मी आणखीच कासावीस झाले.

आणि मग ते वाक्य आलं. "आय ओन्ड..." म्हणून ती थांबली. मान मागे गेली. डोळे बाजूला सरकले. ओठ पांढरे पडेपर्यंत मिटलेले. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मला तो संपेनासा झाला. मागच्या बाकावर एक मुलगा खुदकन हसला. ते हसू माझ्या काळजात घुसलं आणि मी अर्धवट उभी राहून सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर्व्हंट्स!"

तिने मान वळवली. थेट माझ्याकडे बघितलं. चिडली नव्हती. मग सभापतींकडे वळली आणि स्वच्छ, एकही अक्षर न अडता म्हणाली, "मिस्टर स्पीकर, आय स्टिल हॅव द फ्लोअर."

सभापती महाशय, सभागृह अजून माझ्याकडे आहे. हॉलमध्ये क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मिसना समजलं. त्यांनी हातोडी आपटली आणि आपल्या जड आवाजात जाहीर केलं, की सभासद उभे आहेत, आणि ते बसेपर्यंत पहिल्या रांगेतल्या बाईंनी कृपया शांत राहावं. लोक हसले, पण ते हसणं वाईट नव्हतं. मी मटकन खाली बसले. मागे वळून बघितलं, तर इंग्लिश न येणारे अण्णा ताठ बसून नातीकडे बघत होते. काय झालं, ते माझ्याआधी त्यांना कळलं होतं.

मग सगळा हॉल थांबला. एसीचा आवाज तेवढा येत होता. कुणी खोकलं नाही, कुणी मोबाईल काढला नाही. मागचा मुलगासुद्धा गप्प झाला. ती तिच्या वेळेने पोचली. "आय ओन्ड प... प... पीपल." आणि थांबून पुढे म्हणाली, "आय हॅड द फ्लोअर. दे नेव्हर डिड." सभागृहात बोलायची पाळी मला मिळाली, त्यांना कधीच मिळाली नाही. हे दुसरं वाक्य माझ्या कागदावर नव्हतं. ते तिने कधी केलं, मला माहीत नाही. एवढं बोलून काळ्या कोटाच्या बाह्या सावरत ती खाली बसली.

टाळ्या झाल्या, पण मला त्या नीटशा ऐकू आल्या नाहीत. मी रडत होते, आणि रडताना लाज वाटत होती, आणि आनंदही होत होता. बाहेर पार्किंगमध्ये नवऱ्याने अण्णांना शेवटच्या वाक्यांचा अर्थ सांगितला. अण्णा नातीच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

"सभागृहात उभं राहून स्वतःच्याच विरुद्ध खरं बोलणारा सभासद मी आज पहिल्यांदा बघितला," ते म्हणाले.

तिला सगळं कळलं असेलच असं नाही. पण ती हसली. मिस निरोप द्यायला गाडीपर्यंत आल्या. मी त्यांचे आभार मानायला लागले, तर शब्द सापडेनात. त्या थांबून राहिल्या. शब्द न सापडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं, आणि समोरचा थांबला की किती बरं वाटतं, तेही. त्या बाईंचे, त्या शाळेचे, जिथे नाइलाजाने घातलं त्या शाळेचे, माझ्यावर फार उपकार आहेत. अण्णांचे तर आहेतच. आणि त्या काँग्रेसमनचे? तो काही चांगलाच माणूस होता असं नाही. माणसं बाळगणाऱ्या माणसाचे आभार मानताना जीभ अडते, आणि अडावीच. पण त्याने माझ्या मुलीला उभं राहायला एक जागा दिली, हे नाकारता येत नाही.

घरी जाताना नेहमीच्या कॅफेटेरियापुढे नवऱ्याने गाडी थांबवली आणि हॉर्न दिला. इकडे गाडीतून उतरायची पद्धत नाही. आतला माणूस खिडकीपाशी येतो, ऑर्डर घेतो, तिथेच आणून देतो. तो आला. आम्हा तिघांना कडक चहा आणि मुलीला मँगो ज्यूस, हे मी सवयीने म्हणणार होते. ती शाळेत जायला लागल्यापासून मँगोच पिते. वाढदिवसाला केक मँगोचा, आइसक्रीम मँगोचं, अण्णा येताना आमरसाचे डबे आणतात ते तिच्याचसाठी. तोंडापर्यंत आलेला शब्द मी गिळला. काच खाली करून तिनेच त्या माणसाकडे बघितलं.

"वन प..." ती म्हणाली आणि अडली. मागच्या गाडीने हॉर्न दिला. तो माणूस खिडकीत वाकून उभा राहिला, नवऱ्याने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले, आणि मी दोन्ही ओठ दातांत धरून बसले. मागून पुन्हा हॉर्न झाला. "पाइनॅपल," ती म्हणाली.

तो माणूस गेला. मी मागे वळले. म्हटलं, अगं, पण तुला तर मँगो आवडतो ना?

"नो, मम्मा," ती शांतपणे म्हणाली. "मँगो इज जस्ट ईझी टू से."

मँगो तोंडात सहज येतो म्हणून पोरगी इतकी वर्षं आंबा पीत होती, आणि मी जगाला सांगत फिरत होते, की आमच्या हिला आंबा फार आवडतो. मी तिला विचारलं, आणखी काय काय आहे असं, जे आम्हाला वाटतं तुला आवडतं? ती जरा विचारात पडली. मग तिने एकेक सांगायला सुरुवात केली, अडखळत, थांबत, पुन्हा निघत, आणि घर आलं, गाडी बंद झाली, तरी आम्ही चौघंही तिचं सांगून होईपर्यंत आत बसून राहिलो.